शेततळ्यातली दिवड आणि धाकटे जावई

रामप्रसादने त्या दिवशी एक अगदी छोटा निर्णय घेतला. सर्पमित्राचं ओळखपत्र खिशात न ठेवता गळ्यात घालायचं. ते खिशात राहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ओळखपत्र अस्सल होतं. भोकरदनला दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, फोटो होता, शिक्का होता. साप तेवढा अजून एकही पकडलेला नव्हता. (शेजाऱ्यांच्या मोरीत एकदा एक धरला होता, पण तो वॉशिंग मशीनचा पाईप निघाला.)

अधिक महिना चालू होता आणि केदारखेड्याला सासुरवाडीत दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण होतं. गळ्यात कार्ड घालण्यामागे एक जुनं दुखणं होतं. सासरे पुंजाराम थोरल्या जावयाची ओळख करून देताना म्हणायचे, "हे राधेश्यामराव, आमचे जावई!" राधेश्यामचं मंठ्याला बियाण्याचं दुकान होतं. रामप्रसादची पाळी आली की नुसतं, "हे तृप्तीचे मालक." लग्नाला सहा वर्षं झाली, तरी बिचारा तृप्तीचा मालकच राहिला होता. (तोही कितपत, ते तृप्तीला विचारा.) आज काय वाटेल ते होवो, मामांच्या तोंडून 'आमचे जावई' ऐकायचंच, असं ठरवून तो आला होता.

इकडे पुरण शिजत होतं, तेवढ्यात पुंजाराम फावडं घेऊन निघाले.

"शेततळ्यात नाग निघालाय. माझे मासे खाऊन राह्यला!"

"मामा, थांबा!" रामप्रसाद आहेराच्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांतच उठला. पुढे तो आणि मागे सगळं घर, अशी वरात मोसंबीच्या बागेतून शेततळ्यावर पोहोचली. काळ्या प्लास्टिकच्या पन्नीच्या तळ्यात कंबरेएवढं पाणी उरलं होतं आणि मधोमध एक डोकं ऐटीत पोहत होतं.

"हा नाग नाही, मामा. पाठीवर सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन बघा. ही दिवड! पाण्यात राहते, मासे-बेडूक खाते. बिनविषारी."

"म्या फडी पाहिली ना!"

"चिडली की मान चपटी करते. नुसता आव आणते."

"मासे खाती का न्हाई?"

"खाते."

"मंग मारतो."

"मारायचं नाही! या गुळगुळीत पन्नीवरून तिला वर चढता येत नाही. अडकलीय बिचारी. मी काढतो आणि ओढ्यात सोडतो."

"पाव्हणं, आधी जेवून तरी घ्या वं!" सासूबाई नंदाबाई कळवळल्या.

रामप्रसादने पन्नीवर एक पाय ठेवला. दुसरा ठेवायची गरजच पडली नाही. बसल्या बसल्या तो घसरत थेट पाण्यात गेला. आधी ओळखपत्र वर आलं, मग रामप्रसाद.

"अगं माय! जावई बुडाले!"

"पाणी कंबरेएवढंच आहे, मामी! घाबरू नका, बिनविषारी आहे!"

"अन् डसला मंग?"

"डसू द्या! काही होत नाही!"

दिवडीने त्याच्या शब्दाचा मान राखला. करंगळीला अशी कडकडून चावली की रक्ताची धार लागली.

"बघा!" रामप्रसादने बोट उंच धरलं. "म्हणालो होतो ना? काही होत नाही!" डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तळ्याचंच म्हणून खपून गेलं.

मग तो चढायला लागला. तीनदा चढला आणि तीनदा परत पाण्यात आला. या आगाऊ पाहुण्याला कंटाळून दिवड कोपऱ्यात गेली, मोटारीच्या पाईपला वेटोळे घालत सरसर वर आली आणि बांधावर उतरली. राधेश्यामराव चप्पल सोडून पळाले. पुंजारामांनी फावडं उचललं.

"मामा, तुम्हाला तृप्तीची शपथ हाय!" खालून रामप्रसाद जिवाच्या आकांताने ओरडला. शिबिरातली शुद्ध भाषा पार विसरला होता.

फावडं हवेतच थांबलं. दिवड बांधाच्या बिळात शिरली.

पलीकडे शेळ्या राखणारी सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "दोन वर्सं झाले, ती त्याच पायपावरून येती अन् जाती."

"मंग आधी का न्हाई सांगितलं?" पुंजाराम खेकसले.

"ह्याहिच्या गळ्यात कार्ड व्हतं ना. म्या म्हनलं, ह्याहिला ठाऊक असंल."

"जावईबापू," पुंजाराम खाली वाकून म्हणाले, "तिनं धरला तसाच पाईप धरा अन् या वरी."

पंगत बसली तेव्हा रामप्रसादच्या अंगावर सासऱ्यांचं धोतर होतं आणि करंगळीला हळद. भाऊबंद पाटावर बसत होते. पुंजारामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे रामप्रसादराव. आमचे जावई! लेकीची शपथ घालून जीव वाचवला मुक्या जनावराचा."

सहा वर्षांचं दुखणं एका वाक्यात गेलं. रामप्रसादची छाती अशी फुगली की धोतराची गाठ सैल झाली. स्वयंपाकघराच्या दारातून तृप्तीही कौतुकाने बघत होती. शेजारी बसलेला एक म्हातारा मात्र अंग चोरून जरा पलीकडे सरकला.

"भिऊ नका, काका," पुंजारामांनी धीर दिला. "बिनविषारी हायेत."