जंगम मालमत्ता हजर करण्याबाबत

धर्मादाय नोंदणी कार्यालयाचं पत्र चिटणिसांनी पुन्हा पुन्हा वाचलं. संस्थेच्या नोंदणीचं नूतनीकरण हवं असेल, तर यादीत दाखवलेली सर्व जंगम मालमत्ता येत्या शुक्रवारी संस्थेच्या कार्यालयात निरीक्षकांसमोर हजर ठेवावी, असं त्यात म्हटलं होतं. नाहीतर नोंदणी रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. चिटणिसांनी मान वर करून कार्यालयाकडे पाहिलं. कार्यालय म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. तिच्यात एक टेबल, एक पंखा आणि खालचं रबर हरवलेली एकच कुबडी होती.

संस्था आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देत असे. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, पाण्याच्या गाद्या, मान वर करता येणाऱ्या लोखंडी खाटा. गरज संपली की वस्तू परत आणून द्यायची, एवढाच नियम. चिटणीस म्हणजे विजेचे मीटर वाचण्यात हयात घालवलेला माणूस. कुणाचंही दार ठोठावताना त्यांना कधी संकोच वाटला नाही, पण वस्तू परत मागणं मात्र त्यांच्या जिवावर येई. खुर्ची कधी देताय, असं विचारलं की घरच्यांना त्यातून दुसराच प्रश्न ऐकू येतो, हे त्यांनी एकदा एका बाईच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. तेव्हापासून संस्थेतून मागणीचा फोन म्हणून कधी गेला नाही. दर वर्षीच्या विवरणात ते "मालमत्ता सुस्थितीत" असं लिहून मोकळे होत. मालमत्तेचं काय ते देव जाणे, पण तसं लिहिल्यावर निदान चिटणीस तरी सुस्थितीत राहत.

"आता फोन करा एकेकाला," त्यांची बायको म्हणाली. ती संस्थेची खजिनदार होती आणि घरचीही.

"काय सांगू? तुमच्या आईची खुर्ची सरकारला बघायचीय?"

"तसंच सांगा. खोटं थोडंच आहे? आणि नाही केलेत, तर ज्या घरात आज कुणी त्या खुर्चीत बसलंय ना, तिथूनच उचलून नेतील ती. तेव्हा काय तोंड दाखवणार आहात?"

हे बरोबर वर्मी लागलं. चिटणिसांनी पहिला फोन बस ड्रायव्हरला लावला. त्याच्या वडिलांसाठी एक खुर्ची गेली होती.

"नमस्कार, संस्थेतून बोलतोय. वडील... म्हणजे तब्येत... म्हणजे आपली खुर्ची कशी आहे?"

"चिटणीस, तुम्ही स्वतः फोन केलात? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही हो. खुर्ची हवी होती जरा."

"ती आमच्याकडे कधीच नाही. वडील वारले, तेव्हा परत द्यायलाच निघालो होतो. वाटेत आमच्या कंडक्टरचं घर लागलं, त्याचा पाय मोडला होता. मग तिथेच ठेवली."

कंडक्टरने ती पाय बरा झाल्यावर शेजाऱ्याच्या सासूला दिली होती. सासूबाई हिंडूफिरू लागल्यावर ती त्यांच्या भिशीतल्या एका मैत्रिणीकडे गेली होती. खुर्ची पुढे पळत होती आणि चिटणीस फोन कानाला लावून मागे. शेवटी ती एका शिंप्याच्या घरी सापडली. फोन त्याच्या सुनेने घेतला.

"आहे ना, इथेच आहे. पण देऊ कशी? मामंजी बसलेत तिच्यात."

"शुक्रवारी तासभर उठतील का ते?"

"चिटणीस, उठता आलं असतं तर खुर्ची कशाला आणली असती?"

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. "हे बघ, खुर्ची बसलेल्यांसकट आण. रस्त्याने ढकलत. तेवढीच हवा लागेल मामंजींना."

हा निर्णय चिटणिसांना तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. उरलेल्या प्रत्येकाला त्यांनी तोच निरोप दिला, आणि ज्याची वस्तू पुढे गेली होती त्याला तो पुढे द्यायला सांगितला. पुढे गेलेली नाही अशी वस्तू त्यांना एकही सापडली नाही. निरोप किती लांब गेला हे कळायला काही मार्ग नव्हता. गुरुवारी त्यांनी नुसतं ताक पिऊन दिवस काढला.

शुक्रवारी सकाळी दाराशी पहिल्यांदा शिंपीबुवा आले, मांडीवर शाल घेऊन, कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे. मग एक वॉकर आला, त्याला धरून एक आजोबा आणि आजोबांना धरून दोन नाती. मग खाट आली, हातगाडीवर, तिच्यावरच्या काकूंसह. काकू बऱ्याच दिवसांनी आभाळ बघत होत्या आणि खाली उतरवू नका म्हणत होत्या. पाण्याची गादी चौघांनी आतल्या पाण्यासकट आणली, कारण गादी "हजर ठेवावी" असा निरोप होता आणि रिकामी गादी हजर धरतात का, यावर त्यांच्या घरात दोन मतं पडली होती. खोली भरली, ओटा भरला, मग रस्ता भरला. पलीकडच्या गल्लीतून खुर्च्या येतच होत्या. चिटणिसांना आपण बनियनवर उभे आहोत असं वाटलं आणि त्यांनी आधीच लावलेलं शर्टाचं वरचं बटण पुन्हा चाचपलं.

निरीक्षकबाई आल्या त्या कोपऱ्यावरूनच चालत, कारण गाडी आत शिरेना. तपासणीला गेलेल्या संस्थेत पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी यादी काढली, पेन काढलं आणि एकेक वस्तू बघून खूण करायला सुरुवात केली. चिटणीस मागून चालत होते. यादीतली शेवटची कुबडीसुद्धा सापडली, तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला. बाईंनी मात्र पेन बंद केलं नाही.

"यादी संपली," त्या म्हणाल्या. "रांग संपली नाही."

"म्हणजे?"

"ही खुर्ची बघा. हिच्यावर संस्थेचं नाव आहे. यादीत नाही. ही पण नाही. हे वॉकरही यादीत नाहीत."

चिटणिसांनी वाकून पाहिलं. नाव संस्थेचंच होतं, पण ते स्वतः निळ्या रंगाने लिहीत आणि हे लाल होतं. पलीकडच्या खुर्चीवर तर कुणीतरी सुईने कापडावर भरलं होतं. खुर्चीमागे एक शिक्षिका उभी होती.

"ही तुम्ही विकत घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"पैसे आम्ही दिले. खुर्ची संस्थेची आहे."

"पैसे तुम्ही दिलेत तर खुर्ची तुमची."

"नाही हो मॅडम. आम्हाला एक मिळाली होती, ती पुढे गेली. मग माझ्या दिरांना लागली, तेव्हा नवी घेतली. त्यांचं झाल्यावर घरात अडवून कशाला ठेवायची? नाव टाकलं आणि सोडून दिली. आता हे कोण बसलेत तेही मला माहीत नाही."

बसलेल्या गृहस्थांनी हात जोडले. इतकी वर्षं चिटणिसांना वाटत होतं, की संस्था म्हणजे आपण, आपली बायको आणि कुलूप नसलेली ही खोली. वस्तू गहाळ होतात, आपण भिडस्त, आपल्यामागे सगळं बुडणार, हीच काळजी त्यांनी रोज उशाशी घेतली होती. आणि इथे त्यांच्या नकळत, त्यांना न विचारता, संस्था घरोघर हिंडून वाढून आली होती. त्यांना फार मोठं काहीतरी बघितल्यावर होतं तसं झालं. बोलायला गेले तर आवाज फुटेना.

बाईंचा आवाज मात्र शाबूत होता. "कमी भरलं असतं तर सोपं होतं. त्याला फॉर्म आहे. जास्तीला नाही. यादीबाहेरची मालमत्ता म्हणजे लपवलेली मालमत्ता. एवढ्यावर नोंदणी जाऊ शकते, चिटणीस."

"मॅडम, मलाच माहीत नव्हतं. मग लपवीन कशी?"

"तेच लिहू का? चिटणिसांना माहीत नाही?"

चिटणिसांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनाही ते बरं वाटलं नसावं, कारण त्या वळून रांगेकडे गेल्या आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते करू लागल्या. लोकांना गळ घालू लागल्या.

"आजी, ही खुर्ची तुमचीच ना? नुसतं 'माझी' म्हणा. मी तसं लिहिते, विषय संपतो."

"या वयात खोटं बोलायला लावतेस होय, बाळ?" आजी म्हणाल्या.

शिंपीबुवांच्या शेजारी एक म्हातारे बसले होते. त्यांच्या खुर्चीवरही लाल नाव होतं. त्यांनी विचार करून मान हलवली. "माझी म्हटली तर मुलं वाटणीत घेतील. संस्थेचीच राहू द्या."

बाई रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. एकही माणूस आपली वस्तू आपली म्हणायला तयार होईना. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. त्या खोलीतल्या टेबलाशी बसल्या आणि बायकोने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

"संस्थेच्या वस्तू लोकांच्या घरात गेलेल्या मी जन्मभर पकडल्या," त्या हळूच म्हणाल्या. "लोकांच्या वस्तू संस्थेच्या झालेल्या आजवर कधी पाहिल्या नाहीत. हे कुठल्या कलमात बसवू?"

बाहेर काकू खाटेवरून कुणाला तरी ढग दाखवत होत्या. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या, मग "कळवू" एवढंच म्हणून खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला. गर्दीत कुणाची खुर्ची कुणाकडे गेली, याची विचारपूस कुणीच केली नाही.

पत्र यायला बरेच दिवस लागले. तोवर चिटणिसांची झोप उडाली होती. ती पुन्हा कुणाला फोन करावा लागेल या भीतीने उडाली होती, की नोंदणीच्या काळजीने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते बायकोकडे सरकवलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले.

बायको वाचू लागली. "तपासणीत पुढील त्रुटी आढळल्या. संस्थेचा आपल्या मालमत्तेवर कोणताही ताबा नाही. मालमत्ता कोठे आहे, कोणाकडे आहे व किती आहे, हे चिटणिसांना माहीत नाही. वस्तू परत मागण्याची कोणतीही पद्धत संस्थेत अस्तित्वात नाही."

"संपलं," चिटणीस भिंतीला म्हणाले.

"थांबा हो. ताबा नसल्यामुळे मालमत्तेत सातत्याने वाढ झाल्याचे दिसून येते. वाढीव वस्तू 'दाता अज्ञात' अशा नोंदीने यादीत समाविष्ट करून नोंदणीचे नूतनीकरण करण्यात येत आहे."

चिटणीस वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"खाली शेरा आहे," बायको म्हणाली.

"तरी म्हटलं. वाच."

तिने चष्मा नीट केला, ती ओळ आधी मनात वाचली आणि मग मोठ्याने वाचली. "वरील त्रुटी संस्थेने कोणत्याही परिस्थितीत दूर करू नयेत."