पोपटी भिंतीवर चंदन

घर विकायला मी घाबरलो नव्हतो. घर विकतोय हे सासऱ्यांना सांगायला घाबरलो होतो, म्हणून आधी रंग मारून घेऊ असं ठरवलं. (शूर माणूस आधी सांगतो आणि मग रंग मारतो. माझं सगळं उलटं असतं, हे मेहकरच्या आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.) एका माणसाशी चार वाक्यं बोलायची होती. ती टाळण्यासाठी मी चार खोल्या रंगवायला काढल्या.

तुम्ही म्हणाल, सासऱ्याला एवढं काय भ्यायचं? पण माझे सासरे म्हणजे सहदेव गुरुजी. सुलतानपूरच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि त्या वर्गात मी होतो. त्यांच्या छड्या खाल्ल्या, त्यांच्या टेबलाशेजारी अंगठे धरून उभा राहिलो आणि पुढे त्यांचीच मुलगी समता माझी बायको झाली. लग्नात ते हार घालायला समोर आले तेव्हा माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळवा वर करून. आज मी बावन्न वर्षांचा आहे, बीपीची गोळी चालू आहे. एरवी ते मला 'जवाईबुवा' म्हणतात आणि मानाने बोलतात. पण मधूनच 'देवानंद' म्हणाले, की माझ्या तोंडून 'हजर' निघतं.

घराचा प्लॉट गुरुजींनी दिलेला. बांधकाम चालू असताना ते रोज सकाळच्या गाडीने सुलतानपूरहून यायचे आणि स्वतः भिंतींवर पाणी मारायचे. रंगही त्यांनीच निवडला. पोपटी. हॉल पोपटी, स्वयंपाकघर पोपटी, झोपायच्या खोल्या पोपटी. हिरव्या रंगाने नजर शांत राहते आणि पोरांचा अभ्यास होतो, असं त्यांचं मत होतं. अजूनही घरात आले की ते आधी भिंतीवर तळहात फिरवतात, मग पाणी मागतात.

आता एवढ्या मायेचं घर विकायचं कशाला? तर समता चिखलीच्या शाळेत शिकवते. चौदा वर्षं रोज मेहकर-चिखली एसटी. गेल्या वर्षी तिच्या मणक्याने हात टेकले आणि डॉक्टरांनी सांगितलं, बस बंद करा. चिखलीत शाळेपासून दहा मिनिटांवर एक चांगलं घर मिळत होतं. मालक मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार होता, पण आमचं विकलं तरच ते घेता येणार होतं.

"बाबाले मी सांगू का?" समताने विचारलं.

इथे माझ्यातला पुरुष जागा झाला. (तो वर्षातून एकदा, नको तेव्हा जागा होतो.) "मी सांगतो," म्हणालो.

"कवा?"

"रविवारी."

कोणता रविवार, ते तिने विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायका असले बारीक प्रश्न सोडून देतात.

राजकुमार एजंटने घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "देवाभाऊ, घर बेस हाये, पन रंगानं मानूस भेते. मागचं गिऱ्हाईक हॉलमध्ये बसलं तं बायको नवऱ्याले म्हने, तुमची तब्येत बरी नाई का. फिकट रंग मारा. पाहनाऱ्याले वाटलं पाह्यजे का घर कोनाचंच नाई, आपलंच हाये."

मोतीराम पेंटर शेडकार्ड घेऊन आला. त्यात नुसत्या पांढऱ्याचेच चाळीस प्रकार. मी ज्या रंगावर बोट ठेवायचो त्यातून मला गुरुजींचा आवाज ऐकू यायचा. दुधाळ पांढरा? 'दवाखाना काढून राह्यले का?' राखाडी? 'चुलीत राहाचं हाये का?' शेवटी मी मोतीरामला हळूच विचारलं, "मारला तरी कोणाले कळत नाई, असा रंग नाई का?"

"हाये ना," मोतीराम म्हणाला. "मारूच नका."

अखेर 'चंदन' नावाची शेड ठरली. फिकट, पिवळट, कोणाच्या अध्यात ना मध्यात. स्वभावाने माझ्यासारखीच.

मोतीरामने चढायला लाकडी घोडी लावली, हॉलची पहिली भिंत घासायला घेतली, आणि जी गोष्ट मी साफ विसरलो होतो ती समोर आली. आमच्या गावात घराला दोनच वेळा रंग लागतो. दिवाळीच्या आधी लागला तर दिवाळी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लागला तर लग्न. तिसरं कारण आमच्याकडे नसतं. आणि माझी मुलगी मंजुश्री तेवीस वर्षांची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, घरीच असते.

शेजारच्या शालूबाईंनी कुंपणावरून मान वर काढली. "काहो देवाभाऊ, मंजूचं जमलं वाट्टे."

 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग रंग काऊन? रंगाचं खरं कारण सांगितलं तर संपलंच, कारण शालूबाईंची सख्खी बहीण सुलतानपुरात गुरुजींच्याच गल्लीत दिलेली. फोन दुपारच्या चहाच्या आत गेला असता. मी डावा कान खाजवला आणि म्हणालो, "पाहू आता."

मेहकरात 'पाहू आता' याचा अर्थ फक्त तारीख काढायची राहिली आहे असा होतो. संध्याकाळपर्यंत ऑफिसात तिघांनी पेढे मागितले. मंडपवाला येऊन अंगण पावलांनी मोजून गेला. मंजू लायब्ररीतून आली ती दारातच थांबली.

"बाबा, लायब्ररीत दोघीजनींनी माह्यं अभिनंदन केलं. फक्त तारीख सांगा. माहा पेपर वीसले हाये."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीने गुरुजी उतरले. हॉलच्या तीन भिंती चंदन झाल्या होत्या, चौथी अजून पोपटी होती, मधे खाटेवर जुनी लुगडी टाकलेली आणि मोतीराम घोडीवर. समता शाळेत गेलेली. मी एकटा. गुरुजींनी सवयीने भिंतीवर तळहात फिरवला. रंग ओला होता. त्यांनी हात उलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मला चौथीच्या वर्गाचा वास आला.

"देवानंद."

"हजर."

"रंग काऊन मारून राह्यला?"

हाच तो क्षण होता. चार वाक्यं माझी पाठ होती. आरशासमोर म्हणून बघितली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "गुरुजी, ते आपल्या मंजूचं..."

"म्हंजे शालूबाईची बहीन बोलते ते खरं हाये."

"हाव," मी म्हणालो. माझा हात कानाकडे गेला.

"पोरगा कुठचा?"

"चिखलीचा." (डोक्यात चिखलीच होती.)

"करते काय?"

"बँकेत हाये."

"नाव?"

नाव मी ठरवलेलंच नव्हतं. नजर इकडे तिकडे फिरली आणि मोतीरामच्या पायाशी ठेवलेल्या डब्यावर अडकली. "चंदन," मी म्हणालो.

घोडीवरून मोतीरामने वळून पाहिलं.

"आडनाव?"

डब्यावर आडनाव नव्हतं. डब्यावर पुढे 'वापरण्यापूर्वी हलवा' एवढंच होतं. "ते इचाराचं राह्यलं," मी म्हणालो.

 गुरुजी पिशवी खुंटीला अडकवून म्हणाले, "पोरगी द्याले निघाला अन् आडनाव इचारलं नाई. मले थांबाच लागते."

आणि ते थांबले. रोज जेवताना चंदनबद्दल एक प्रश्न. उंची किती, चहा घेते का, आई कशी हाये स्वभावानं. मी घाबरून उत्तर द्यायचो आणि विसरू नये म्हणून ऑफिसात एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचो. तरी मंगळवारी घोटाळा झालाच.

"काल त्याले एक भाऊ व्हता," गुरुजी म्हणाले. "आज दोन कसे झाले?"

"एक चुलत हाये."

समताने चेहरा सरळ ठेवून मला भाजी वाढली. तिच्यासमोर मी पहिल्याच दिवशी सगळं कबूल केलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "तुमी आनला, तुमीच वागवा." मग चंदनला वागवायचं म्हणून मी गुरुजींच्या सांगण्यावरून दोन मंगल कार्यालयं बघून आलो. चंदनच्या घरचे किती येतील, तेही सांगून आलो. अडीचशे.

या सगळ्यात समता रोज सकाळी साडेसहाची गाडी धरत होती. बुधवारी खिडकीतून बघितलं तर स्टँडकडे जाताना ती वळणावर थांबली, एक हात कमरेवर, दुसरा विजेच्या खांबावर, आणि मग पुढे गेली. मला त्या दिवशी माझी लाज वाटली. तरीही रात्रीच्या जेवणाला गुरुजींनी विचारलं तेव्हा चंदनला चष्मा नाही, असंच मी सांगितलं.

शनिवारी राजकुमारचा फोन आला. गिऱ्हाईक उद्या अकराला येतंय. माणूस पक्का आहे, घर आवडलं तर तिथेच शब्द देईल. मोतीरामच्या तीन खोल्या झाल्या होत्या. मंजूची अभ्यासाची खोली तेवढी पोपटी राहिली होती, कारण ती पुस्तकं हलवू देत नव्हती.

रविवारी सकाळी मी गुरुजींना म्हणालो, "गुरुजी, आज बाजार हाये. फिरून या."

"आज गुडघा दुखते," ते म्हणाले आणि हॉलमध्ये बरोबर दारासमोर खुर्ची टाकून पेपर उघडून बसले.

अकराच्या ठोक्याला राजकुमार आला. मागे लोणारकडचे एक ग्रामसेवक आणि त्यांची बायको. बाईंनी आल्या आल्या भिंतीवरून बोट फिरवलं.  गुरुजींनी पेपर खाली केला.

"देवानंद, हे पाहुने कोन?"

राजकुमारने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. उत्तर अगदी जिभेवर होतं. चंदनचे मामा-मामी. तेवढं म्हटलं की दिवस निभावला असता. माझा हात डाव्या कानापर्यंत पोचलासुद्धा होता.

तेवढ्यात समता चहाचा ट्रे घेऊन आतून आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली. ट्रे एका हातात तोलला, दुसरा हात कमरेवर ठेवून पाठ सरळ केली. कोणाला दिसू नये अशा बेताने. मला दिसलं.

माझा हात खाली आला. "गुरुजी, हे घर घ्याले आले," मी म्हणालो. "चंदन नाई. त्याचा भाऊबी नाई. कोनाचं लग्न नाई. समताची पाठ गेली त्या एसटीनं. घर इकून आमाले चिखलीले जाचं हाये. तुमी ह्या भिंतीले पानी मारलं, म्हून तुमाले सांगाले भेत व्हतो."

चारच्या जागी सात वाक्यं झाली. बोलून झाल्यावर बघितलं तर माझा उजवा हात पुढे आलेला होता, तळवा वर करून.

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "माहीत हाये."

"काय?"

"सबन काही. तुमचं ठरलं त्याच संध्याकाळी समताचा फोन आला व्हता. म्या म्हनलं, इका. लेकीच्या पाठीपरस भित मोठी नसते."

मी समताकडे बघितलं. ती पाहुण्यांना चहा देत होती. "तुमचा रविवार मले माहीत हाये," ती म्हणाली.

"मंग गुरुजी, तुमी बोलले काऊन नाई?"

"चौथीत गृहपाठाची वही घरी राह्यली म्हनाचा, तवा डावा कान खाजवे. त्या दिवशी इथं उभा राहून तोच कान खाजवला. म्हनलं पाहू, पोरगं स्वतःहून कवा सांगते." त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा दिवस. चौथीत दोन लागत व्हते."

मग ते पाहुण्यांकडे वळले आणि एकदम जवाईबुवांचे सासरे झाले. म्हणाले, भिंती मजबूत आहेत, पाणी मीच मारलंय, पाया बघायचा असेल तर मागच्या बाजूला चला. स्वतः उठून त्यांनी सगळं घर दाखवलं. (गुडघ्याचं दुखणं तेवढ्यात गेलं होतं.)

पाहुणे मंजूच्या खोलीत गेले ते बाहेरच येईनात. पाच मिनिटांनी बाईंनी मला आत बोलावलं. त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

"घर पसंत हाये," त्या म्हणाल्या. "फक्त बाकीच्या खोल्या बी याच रंगात करून द्या. डोयाले कसं थंड वाटते. बाहीरचा तो पांढुरका रंग पाहून मले दवाखान्यात आल्यावानी झालं."

राजकुमार छताकडे बघायला लागला. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि त्या भिंतीवर तळहात फिरवला. सोमवारी मोतीरामने चंदनवर पोपटी मारायला घेतला. शालूबाईंनी कुंपणावरून विचारलं, "मोडलं का हो?" मी हो म्हणालो. गावात दोन दिवस मंजूबद्दल हळहळ झाली आणि ती तेवढ्या शांततेत तिचा अभ्यास करत बसली.

आता आम्ही चिखलीत आहोत. समता पायी शाळेत जाते. गुरुजी महिन्यातून एकदा येतात, नव्या भिंतीवर तळहात फिरवतात आणि मग पाणी मागतात. परवा जेवायला सगळे बसलो होतो. मोतीराम पेंटरही होता, इथलं दार रंगवायला आलेला. गुरुजींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "जवाईबुवा, चंदन कसा हाये?"

समता आणि मंजू ताटात बघून हसायला लागल्या. मीही थोडं धाडस केलं. "काहो गुरुजी, तुमाले तो एवढा आवडला व्हता?"

"आवडला म्हंजे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "त्या घराले दोन जवाई भेटले. त्यातला तोच बरा. व्हता तितके दिवस, एक शब्द खोटा बोलला नाई."