नागोजीअण्णांची सात मिनिटं

नागोजीअण्णांना काही सांगायला गेलं की ते आधी खांद्यावरच्या खाकी पिशवीतून गजराचं घड्याळ काढत, त्याला चावी देत, ते दोघांच्या मध्ये ठेवत आणि म्हणत, "हं, बोला. सात मिनिटं तुमची." मग हात मांडीवर ठेवून ते असं काही मन लावून ऐकत, की आपण कशाला आलो होतो तेच माणूस विसरून जाई. मी पहिल्यांदा गेलो होतो तो खोली भाड्यानं मिळेल का, एवढंच विचारायला. ते अर्ध्या मिनिटात विचारून झालं. उरलेल्या वेळात मी माझं गाव, आईचा दमा, धाकट्या भावाचं गणित आणि मला कारलं आवडत नाही हेसुद्धा सांगून टाकलं. सात मिनिटं भरल्यावर अण्णा म्हणाले, "सरी, ठीक. खोली तुमची."

"सातच का?" असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं. "सहात माणूस नमस्कार-चमत्कारातच राहतंय," ते म्हणाले, "आणि आठ दिली की भाषण करतंय."

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून नुकताच लागलो होतो. तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे अण्णांचं घर. खाली दुकान, दुकानामागे अण्णा एकटेच, आणि वरच्या खोलीत मी आणि माझी बायको सुधा. अण्णांचे पूर्वज महाराष्ट्रातून इतक्या पूर्वी आले होते की मूळ गाव कुठलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दुकानात गिऱ्हाईक येईल ती भाषा.

दुकान टोप्यांचं. शाळेच्या, बँडवाल्यांच्या, लग्नाच्या, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या. त्यामुळे कुठला पक्ष केवढा, हे अण्णांना मतमोजणीच्या आधीच कळे. "ते दोन हजार टोप्यांचे," ते सांगत. "हे चाळीस टोप्यांचे. आणि ते कोपऱ्यावरचे वकीलसाहेब, तीन टोप्यांचा पक्ष. त्यातली एक धुवायला टाकली की दोनच." आपण हसलो की लगेच बोट वर करत. "टोप्या कमी म्हणून डोकं लहान नसतंय, साहेब. मापं मी घेतलीत."

आमच्या घरातही हे घड्याळ एकदा येऊन गेलं. दिवाळीला पुण्याला माझ्या घरी जायचं की सांगलीला सुधाच्या माहेरी, यावर आमची जुंपली होती. म्हणजे आवाज माझाच होता. अण्णा जिना चढून आले आणि घड्याळ थेट आमच्या स्टोव्हशेजारी ठेवलं. "आधी बारीक आवाज. बोला, अक्का." सुधा सात मिनिटांत चार वाक्यं बोलली. मी तीनदा मध्ये तोंड घातलं, तीनदा अण्णांचं बोट वर गेलं. माझी पाळी आली तेव्हा मला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या दिवाळीला आम्ही सांगलीला गेलो.

रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की खालून घड्याळाला चावी दिल्याचा आवाज येई. मग काही वेळ अगदी शांतता. ते जप करत असावेत, असा माझा समज होता. सुधा म्हणायची, "गजराचं घड्याळ लावून कोण जप करतं?" पण विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

हल्ली निवडणूक आली की टीव्हीवर चर्चा रंगतात. दोन मोठ्या पक्षांची माणसं तासभर भांडतात, आणि कोपऱ्यातल्या चौकटीतला लहान पक्षाचा माणूस "मला एवढंच म्हणायचंय" म्हणेपर्यंत जाहिरात लागते. मला दर वेळी अण्णा आठवतात. तेव्हा बंगलोरात टीव्ही कुणी पाहिलाही नव्हता. पण कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत वॉर्डातले सगळे उमेदवार एका व्यासपीठावर बसवायचे, असा अण्णांचा नेम होता. व्यासपीठ म्हणजे टोप्यांची खोकी आणि वर फळ्या. प्रत्येकाला सात मिनिटं, आणि ज्याच्या टोप्या सर्वांत कमी तो पहिला.

त्या वर्षी तीन टोप्यांच्या वकीलसाहेबांचा पहिला नंबर गेला, कारण दुकानासमोर फुलांची टोपली घेऊन बसणारी मुनियम्मा अपक्ष उभी राहिली. अण्णांनी तिला रीतसर विचारलं, टोप्या किती? ती म्हणाली, "बाईमाणसाला टोपी कशाला, अण्णा?" अण्णांनी वहीत शून्य लिहिलं.

सभेच्या दोन दिवस आधी दोन हजार टोप्यांचे प्रचारप्रमुख दुकानात आले. इस्त्रीचं धोतर, चेहऱ्यालाही इस्त्री. अण्णांनी घड्याळ लावलं. "चर्चा दोघांचीच ठेवा," प्रचारप्रमुख म्हणाले. "आमची आणि दोन नंबरच्यांची. वेळ उरला तर बाकीचे. फूलवालीशेजारी आमचे उमेदवार बसणार नाहीत. आणि टोप्या शिवणारी दुकानं पुष्कळ आहेत, अण्णा."

त्यांचं पुरतं ऐकून घेऊन अण्णा म्हणाले, "खुर्च्या सहा मांडणार. पहिली तिची."

मला घोर लागला. मोठा उमेदवार आला नाही तर गर्दी येणार नव्हती, आणि गर्दी नाही तर मुनियम्मा बोलणार कुणापुढे? पण दोन नंबरचे येणार आहेत हे कळल्यावर एक नंबरचे झक्कत आले. मैदान भरलं.

अण्णांनी मायकाशेजारी घड्याळ ठेवलं आणि मुनियम्माचं नाव पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला, मायकापुढे उभी राहिली. आणि तिची वाचाच बसली. बाजारात जिची हाक बसस्टँडपर्यंत जायची, तिच्या तोंडून शब्द फुटेना. एक मिनिट गेलं. लोक हसायला लागले. "फुलं कशी दिली?" कुणीतरी ओरडलं. प्रचारप्रमुख लगबगीनं पुढे आले आणि मायकावर हात ठेवून म्हणाले, "झालं यांचं. पुढचे घ्या."

अण्णांनी त्यांचा हात बाजूला केला. "वेळ त्यांची आहे. बोलतील, नाहीतर गप्प उभ्या राहतील. त्यांची मर्जी."

मग सगळं मैदान घड्याळ ऐकत बसलं. मायकातून टिकटिक अशी घुमत होती की पानवालासुद्धा दुकानाबाहेर येऊन बघायला लागला. दोन हजार टोप्यांचे उमेदवार घाम पुसत होते. अण्णा हात मांडीवर ठेवून मुनियम्माकडे बघत होते, घाई नाही की काही नाही.

पाचव्या मिनिटाला ती बोलली. कानडीत, घोगऱ्या आवाजात. "आमच्या गल्लीला एक नळ. पाणी पहाटे येतं. पहाटे आम्ही फुलबाजारात. परत येतो तेव्हा नळ कोरडा. मला मत नका देऊ. या पाच जणांपैकी कुणीतरी नळाची वेळ बदला." गजर झाला तेव्हा तिचं संपलंही होतं. हसणाऱ्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या पाचही वक्त्यांना, मोठ्यांनासुद्धा, आधी नळाबद्दल बोलावं लागलं.

निवडून अर्थातच दोन हजार टोप्या आल्या. नळाची वेळ मात्र महिन्याभरात बदलली. टोप्यांची पुढची ऑर्डर दुसऱ्या दुकानात गेली, त्याचं अण्णांना सोयरसुतक नव्हतं.

सभेच्या त्या संध्याकाळी खुर्च्या आत ठेवायला मी त्यांच्या घरात गेलो. आतल्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. भिंतीवर एका बाईचा फोटो, फोटोसमोर पाट. अण्णांनी घड्याळ काढलं, चावी दिली आणि पाटासमोर ठेवलं.

"हे हिचं घड्याळ," ते म्हणाले. "आम्ही पाच भाऊ, सगळे मोठ्या आवाजाचे. ही माझी बायको, घरातली धाकटी सून. काय सांगायला लागली की कोण तरी मध्ये बोलायचं. कोण म्हणजे मीच, साहेब. 'सरी सरी, मग सांग.' बावीस वर्षं. शेवटी आसपत्रीत खाटेवर होती, तेव्हा तिला काय तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, बोलू नको, दमशील. काय होतं ते, कोणाला ठाऊक."

मी तिथेच जमिनीवर बसलो. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत राहिलो.

"आज ती मुनियम्मा बोलली बघा," अण्णा म्हणाले. "पाचव्या मिनिटाला. पाच-पाच मिनिटं लागतात, साहेब, काही माणसांना. मी कधी एक मिनिटसुद्धा थांबलो नव्हतो."

मी तोंड उघडलं, तसं त्यांनी बोट वर केलं. तिची सात मिनिटं अजून व्हायची होती.