जो कधीच घोरत नाही

बायको पासवर्ड टाकताना हसते, हे लक्षात आलं त्या दिवसापासून घड्याळजींचं जेवणात लक्ष लागेना. बावीस वर्षांच्या संसारात घरातल्या एका कपाटालाही कधी कुलूप नव्हतं. पण बाई औषधांच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायच्या आणि कंपनीने फर्मान काढलं होतं, कॉम्प्युटरला पासवर्ड हवाच. हवा तर हवा, पण त्यात हसण्यासारखं काय? आपल्याकडे बघून ही अशी शेवटची कधी हसली होती, ते घड्याळजींना आठवेना. त्यांना चक्क त्या कॉम्प्युटरचा हेवा वाटू लागला.

त्या दुपारी बाई डोळे तपासायला निघाल्या. भाषांतर तयार होतं, फक्त शेवटची नजर टाकून पाचच्या आत पाठवायचं होतं. उशीर झाला तर पुढची सगळी पत्रकं दुसऱ्या कोणाकडे जाणार होती. "कॉम्प्युटरला हात लावू नका," असं त्या दोनदा बजावून गेल्या. एवढं बजावल्यावर हात न लावणारा नवरा अजून जन्माला यायचाय. घड्याळजींनी आपलं सहज म्हणून एक-दोन-तीन-चार टाकून पाहिलं. पासवर्ड चुकला, आणि विसरल्यास आठवावा म्हणून बाईंनी लिहून ठेवलेली खूण पडद्यावर उमटली: 'जो कधीच घोरत नाही.'

घड्याळजींनी ती खूण दोनदा वाचली. कोण घोरतो आणि कोण घोरत नाही, हे हिला कळतंच कसं?

जन्मभर घड्याळं उघडून बसलेला माणूस तो. बंद वस्तू उघडली की आत काय ते दिसतं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी आपल्या दुकानाशेजारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि आतला पासवर्ड काढून द्यायला सांगितलं.

"दादा, तो कॉम्प्युटरलाच माहीत नसतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "गहू दळून पीठ ठेवायचं आणि गहू टाकून द्यायचा, तसं आहे ते. पुढच्या वेळी तुम्ही जे टाकाल तेही दळतो आणि पीठ जुळतं का बघतो. वर प्रत्येकाच्या पिठात वेगळं मीठ. दोघांचा गहू, म्हणजे पासवर्ड, एकच असला तरी पत्ता लागत नाही. आणि उगाच अंदाज मारू नका, दहा वेळा चुकलात तर अर्धा तास दार बंद."

घड्याळजींनी शेवटचं वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कागद-पेन्सिल घेऊन यादी करायला बसले. दातांचे डॉक्टर पहिले, कारण ते बाईंच्या दातांची फार तारीफ करत. मग बाईंचे गाण्याचे मास्तर, मग चौथ्या मजल्यावरचे निवृत्त कॅप्टन. शेवटी दुरुस्तीवालाही घातला, इतकं मीठमसाला लावून बोलतो म्हणून. खात्री करावी म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोन करून तुम्ही घोरता का, असं सरळ विचारलं. डॉक्टरांना वाटलं यांनाच त्रास आहे. त्यांनी गुरुवारी दहाची वेळ दिली.

एकेकाचं नाव टाकून झालं, आडनाव टाकून झालं, कॅप्टनचं तर दोन्ही जोडूनही टाकून झालं. दहावा अंदाज चुकला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा, असं सांगून कॉम्प्युटर गप्प झाला. घड्याळजींनी दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन लावला. आपण टाकलेली नावं हिला दिसतील का? दुरुस्तीवाल्याने दिलासा दिला, तीही दळून टाकून दिली असणार, काळजी नको. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बाई आल्या. पडदा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मग कीबोर्डशेजारचा कागद उचलला. यंत्राने दळून टाकलेली नावं घड्याळजींच्या सुवाच्य अक्षरात, समोर फुल्या मारून, तिथे मांडलेली होती.

बाई घड्याळाकडे बघत खुर्चीत बसून राहिल्या. चार पन्नासला कॉम्प्युटरचं दार उघडलं. बाईंनी पासवर्ड टाकला, या वेळी न हसता, आणि पाचला तीन मिनिटं कमी असताना काम गेलं. मग त्या खुर्ची फिरवून नवऱ्याकडे वळल्या.

"पासवर्ड म्हणजे तुमचंच नाव आहे."

"माझं?" घड्याळजी चाचरले. "पण मी तर..."

"रोज सकाळी चहाला काय म्हणता? 'मी कधीच घोरत नाही.' बावीस वर्षं ऐकतेय. ते आठवलं की हसू येतं मला. सगळ्या गावाची नावं टाकलीत, स्वतःचं एकदाही का नाही टाकलंत?"

गुरुवारी घड्याळजींनी निमूटपणे डॉक्टरांकडे जाऊन जबडा दाखवला.

शुक्रवारी बाईंनी पासवर्ड बदलला. त्या भाजीला गेल्यावर घड्याळजींनी, अगदी एकदाच, एक-दोन-तीन-चार टाकून पाहिलं. नवी खूण उमटली: 'जो कधीच संशय घेत नाही.'

घड्याळजी खुर्ची ओढून बसले. आता हा कोण?