तेराव्या डायरेक्टरचं मौन

मला गप्प बसता येतं. हसू नका वाचकहो, आमच्या गावात ही कला येणारा मी एकटाच माणूस आहे. जाफराबादपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. वस्ती अडीच हजारांची, पण तोंडं मोजायला बसाल तर पाच हजार भरतील. कारण प्रत्येकाचं एक स्वतःचं असतं आणि एक फोनच्या स्पीकरमधलं. माझं तालुक्याला खता-बियाण्याचं दुकान आहे. तिथं दिवसभर माणसं सोयाबीनची पानं घेऊन येतात, मला अळी दाखवतात, औषध विचारतात. मी तासभर घसा कोरडा करून सांगतो. मग ते पारावर जाऊन चौथी नापास माणसाला विचारतात आणि भलतंच औषध मारतात. अळी मजेत जगते आणि बोलणी मी खातो.

म्हणून यंदा मी ठरवलं की तीन दिवस कुठंतरी जाऊन पूर्ण मौन पाळायचं. जागा एका लग्नात एका पाहुण्यानं सांगितली होती. गोदावरीच्या पात्रात, कुंभार पिंपळगावच्या पुढं, कपिलबेट म्हणून एक लहानसं बेट आहे. यादवांच्या काळातला दगडी मठ, आठ खोल्या, एक समाधी आणि यायला-जायला एकच होडी. मोबाईलला रेंज नाही. आणि सगळ्यात मोठं पुण्य म्हणजे बेटावर बोलायला बंदी! ऐकूनच माझे डोळे पाणावले होते.

शुक्रवारी जायचं आणि सोमवारी पहाटे निघून अकराच्या आत गावात हजर व्हायचं, असा बेत होता. कारण सोमवारी अकराला आमच्या गावच्या पीककर्ज सोसायटीच्या चेअरमनची निवड होती. नवे डायरेक्टर तेरा. त्यातले सहा सर्जेरावचे, तो स्वतः धरून. सहा पुंजारामचे, तोही धरून. आणि तेरावा मी. मला दोन्ही पॅनेलनी मिळून बिनविरोध निवडून दिलं होतं. मी त्याचा अर्थ ‘निःस्पृह माणूस’ असा लावला. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा लावतात.

घरात म्हणजे वंदना, माझी बायको. ती मेथी निवडत बसली होती तेव्हा मी बेत सांगितला.

“तीन दिवस बोलायचं न्हाई? तुमी?”

“का? जमणार न्हाई काय मला?”

“जमंल की. पण मंग लोकाला नावं कशी ठेवताल?”

अडाण्यांशी वाद घालू नये. मी चपला घातल्या आणि गयासोद्दीनकडे गेलो. गयासोद्दीनची जीप आहे, जाफराबाद ते टेंभुर्णी शेअरिंगवर चालते. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या कानात गेलेलं स्टँडवर पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत. म्हणून मी आधीच बजावलं.

“गयास, शुक्रवारी पहाटे निघायचं. तीन दिवस. कोणाला कळू द्यायचं न्हाई.”

“बिलकुल न्हाई, भाऊ. कुठं जायचं?”

“एका बेटावर. फोन बंद ऱ्हाईल माझा.”

त्यानं आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “कोणाकडून चालले, भाऊ?”

“कोणाकडून काय? माझ्या मनानं चाललो.”

“बराबर हाय,” असं म्हणून त्यानं डोळा मारला. तो का मारला, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. चेअरमनची निवड जवळ आली की डायरेक्टर गायब होतात. चार-आठ दिवस आधी त्यांना जीपमध्ये घालून लांब कुठंतरी नेतात, फोन काढून घेतात, दोन-चार देव दाखवतात, भरपूर खाऊ-पिऊ घालतात आणि निवडीच्या दिवशी थेट हात वर करायला आणून उभं करतात. याला सहल म्हणतात. घरच्यांनी विचारणाऱ्याला सांगायचं, देवदर्शनाला गेलेत. बैल विकायला नेतात तेव्हा निदान बैलाचे दात तरी बघतात. इथं तेही बघत नाहीत. या प्रकाराचा मला इतका तिटकारा आहे की माझा पवित्र बेत ऐकायला अगदी सहलीसारखाच लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी सर्जेराव आला. हा मावळता चेअरमन. पाच वर्षं खुर्चीत बसून बसून त्याच्या चालण्यातही खुर्ची आली होती. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“कवा निघून राह्यले, भाऊ?”

गयासोद्दीननं पाच मिनिटंही घेतली नव्हती तर. मी म्हणालो, “शुक्रवारी.”

“कोण नेऊन राह्यलं?”

“कोणी न्हाई. मीच चाललो. शांती पाहिजे मला.”

“मंग शांती आमी न्हाई काय देणार?” सर्जेरावनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला. “पुंजाराम देईल त्याच्यापेक्षा जास्त देऊ.”

तो गेला आणि त्याच्या पेढ्याचा तुकडा माझ्या तोंडात असतानाच पुंजाराम आला. हा होऊ घातलेला चेअरमन, गेली पंधरा वर्षं. त्यानं पेढ्याचा पुडा पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

“सर्जेराव आल्ता ना? भाऊ, तुमाला बेटच पाहिजे ना? मंग दीवला चला. तिथं बेट बी हाय अन् बाकीची सोय बी हाय.”

“मी पीत न्हाई, पुंजाराम.”

“मंग खोलीला एसी सांगतो.”

दोघांनाही मी झिडकारून लावलं. मौन कशाशी खातात, मठ कशाशी खातात, या माणसांना माहीत नाही. पण खरं सांगतो, दार लावताना मला बरं वाटलं. पाच वर्षांत या दोघांपैकी कुणी माझ्या ओट्याला पाय लावला नव्हता.

शुक्रवारी पहाटे निघालो. राजूरला गणपतीचं दर्शन घेऊन बाहेर आलो तर समोरच्या हॉटेलात सर्जेराव आपल्या पाच डायरेक्टरांसह चहा पीत होता. सगळ्यांच्या टोप्या नव्या. मला पाहून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “देवदर्शन.” नारळाच्या दुकानामागं पुंजारामची जीप उभी होती. तिच्यातूनही पुंजारामसकट सहा तोंडं बाहेर आली आणि म्हणाली, “देवदर्शन.” देव एवढा लोकप्रिय असेल असं मला वाटलं नव्हतं.

जालना गेलं, अंबड गेलं. गयासोद्दीननं आरशात पाहिलं.

“भाऊ, दोन्ही जीपा मागंच हायत.”

“असू दे. रस्ता सरकारचा हाय.”

नदीवर पोचल्यावर मी गयासोद्दीनला सोमवारी पहाटे यायला सांगितलं आणि होडीत बसलो. पलीकडं मठाची राखण करणारी तुळजाबाई उभी होती. सत्तरीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला एक खोली दाखवली. दगडी भिंती, एक चटई, एक माठ. खिडकीतून नदी दिसत होती. मी मांडी घातली, डोळे मिटले. कुणी मला अळी दाखवत नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दहा मिनिटं होती.

अकराव्या मिनिटाला होडी परत आली. आधी सर्जेरावचे सहा उतरले, पुढच्या फेरीत पुंजारामचे सहा. पुंजाराम उतरता उतरता म्हणाला, “मी म्हणलं न्हाई का, हा सर्जेराव आपल्या भाऊला पळवून...” तेवढ्यात तुळजाबाई आडवी आली.

“इथं नेम हाय. बोलंल त्याला जेवण न्हाई.”

तीन दिवसांतलं तिचं हे एवढंच बोलणं. पण बारा डायरेक्टर जेवणाच्या बाबतीत गंभीर असतात. जे लोक सभेत माईक सोडत नाहीत ते झटक्यात मुके झाले. माझ्या दारात सर्जेरावचा एक माणूस बसला, खिडकीखाली पुंजारामचा. मी परसाकडं निघालो की दोघंही टमरेल घेऊन सोबत निघत. इतकी राखण आमच्या गावात बँकेच्या एटीएमलाही नाही.

बाकीच्यांना तुळजाबाईनं कामाला लावलं. सर्जेराव चुलीला लाकडं घालू लागला, पुंजाराम वांगी चिरू लागला. बोलता येत नसल्यामुळं भांडताही येईना. शनिवारी दुपारी पाहतो तर सर्जेरावच्या डोळ्यांत धूर गेला होता आणि पुंजाराम त्याला आपल्या उपरण्यानं वारा घालत होता. मला हसू आलं. पंधरा वर्षांचं वैर, आणि वांग्याच्या भाजीपुढं टिकलं नाही. कणा नसलेली माणसं, दुसरं काय!

मी मात्र साधनेत होतो. मौनात मन शुद्ध होतं म्हणतात. माझ्या शुद्ध मनात शनिवारी संध्याकाळी चेअरमनची खुर्ची आली. मी ती हाकलली, ती परत आली. रविवारी सकाळपर्यंत मी त्या खुर्चीचं तोंड खिडकीकडं फिरवलं होतं, टेबलावरची जुनी काच बदलली होती आणि दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लावली होती. सहा इकडं, सहा तिकडं, दोघांचं जमणं अशक्य. मग निःस्पृह माणूस उरतो कोण? मला कशाची हाव नाही, पण गावानं पायच धरले तर लाथाडायचे कसे, एवढाच विचार मी करत होतो.

रविवारी दुपारी बाराही जण आंघोळीच्या निमित्तानं लांबच्या वाळूवर गेले, तुळजाबाईच्या कानांपासून दूर. बराच वेळ तिकडं हातवारे चालले होते. परत आल्यावर सर्जेराव आणि पुंजाराम, दोघं मिळून माझ्या दारात आले. सर्जेराव कुजबुजला, “भाऊ, जरा बाहेर येता का? एक विचारायचं होतं.”

आता मत मागायला आले असणार. तेही दोघं एकदम. मी डोळे उघडले नाहीत. उजवा हात तेवढा वर केला, तळवा त्यांच्याकडं करून, कॅलेंडरातले महाराज करतात तसा. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि ते गेले. त्यानंतर दारात आणि खिडकीखाली राखणदार परत बसलेच नाहीत. माझ्या तपाचा दरारा पाहून मलाच भरून आलं.

सोमवारी जाग आली तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं. पहाटेचं ध्यान जरा आडवं होऊन केलं की असं होतं. घड्याळात आठ वाजलेले. बाहेर आलो तर मठ रिकामा. बाराही जण गायब, होडी नव्हती, नावाडी पलीकडं होडी बांधून बाजाराला गेलेला. तीन दिवस जी शांतता मी मागत होतो ती अखेर मिळाली होती, आणि मला ती अजिबात नको होती. मी काठावर जाऊन ओरडलो. आधी नावाड्याच्या नावानं, मग गयासोद्दीनच्या, मग सर्जेरावच्या, पुंजारामच्या, आणि शेवटी नुसताच. अर्ध्या तासानं तुळजाबाई आली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि रिकामं ताट मला दाखवून परत नेलं. तीन दिवसांत बेटावर उपाशी राहिलेला माणूस मी एकटाच.

दुपारी तीन वाजता होडीतून गयासोद्दीन आला. घामाघूम झाला होता.

“माफ करा भाऊ. मी पहाटे इथंच हुबा होतो. पहिली होडी आली, सर्जेराव म्हणले, भाऊ मागच्या होडीत हायत. दुसरी आली, पुंजाराम म्हणले, भाऊ पहिल्या होडीत गेल्ते. मला वाटलं, तुमी त्यायच्याच जीपमधी बसले. गावात गेल्यावर कळलं, तुमी कुठंच न्हाई.”

“मंग निवड पुढं ढकलली असंल.”

“कशाला ढकलतील? दहा मिनिटात झाली, बिनविरोध. अडीच वर्षं सर्जेराव, अडीच वर्षं पुंजाराम.”

“पण त्यायचं तर जमत नव्हतं.”

“आधी न्हाईच जमलं. म्हणून तर काल दोघं तुमच्याकडं आल्ते. तुमालाच चेअरमन करायचं ठरवून आल्ते. तुमी हात वर करून नको म्हणले, मंग त्यायनी वाटून घेतलं. भाऊचं मन लई मोठं, असं सगळा गाव म्हणून राह्यला.”

आम्ही होडीत बसलो आणि निम्म्या पात्रात आलो. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मीटिंगमधी माझं नाव कोणी काढलं का?”

“काढलं की. निवड घ्यायला आलेल्या साहेबांनी हजेरी घेतली तव्हा. दोनदा पुकारलं, मंग ‘गैरहजर’ लिवलं, अन् चहा आला.”

जालना मागं पडलं तरी मी एक शब्द बोललो नव्हतो. गयासोद्दीन मधूनमधून आदरानं माझ्याकडं पाहत होता. राजूरच्या फाट्याला त्याच्यानं राहवलं नाही.

“मानलं भाऊ,” तो म्हणाला. “बेटाचा गुण बराबर आला तुमाला.”