खाट फिरती ठेवा

पंढरी घरताला तुम्ही झोपवलंत, साहेब. तुमचं नाव मी घेत नाही. नाव छापून आलं की तुम्ही ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावाल, मजकूर न वाचता. पण प्रांतातल्या सगळ्या सेवा क्लबांच्या डोक्यावर जे बसतात, वर्षाच्या सुरुवातीला गुणतक्ता पाठवतात आणि शेवटी ट्रॉफी घेऊन येतात, ते तुम्हीच. तक्त्यात तुम्हीच लिहिलंत की रुग्णसाहित्य जितक्या घरी जाईल तितके लाभार्थी आणि जितके लाभार्थी तितके गुण. खाली ठळक अक्षरांत, 'साहित्य फिरतं ठेवा'. आता ते कसं फिरलं ते ऐका.

आमचा क्लब नेरूळचा. वह्यावाटप, दंततपासणी, खाडीकिनारी सफाई आणि सफाईनंतर मिसळ, सगळं रीतसर. यात खरोखर कुणाच्या उपयोगी पडणारं काम एकच, आजारी माणसाला लागणारं सामान वापरायला देणं. काही वॉकर, दोन व्हीलचेअर आणि एक खाट. दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवलं की करकरत डोक्याकडची बाजू वर येणारी. एका देणगीदारानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली, त्यामुळे उशाशी पितळी पाटी आणि पाटीवर सुरुवातीलाच 'कै.' त्या 'कै.'खाली जिवंत माणसानं झोपायचं आणि बरं व्हायचं.

या साहित्याचे प्रमुख दिनानाथ सामंत. त्यांची उभी नोकरी न्हावा शेव्याच्या यार्डात गेली. कंटेनर आला, रिकामा झाला, निघाला. अडकून पडलेला कंटेनर दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. निवृत्तीनंतर कंटेनर सुटले, पोटदुखी राहिली. बैठकीत तुमचा गुणतक्ता वाचून झाला तसे ते उठून उभे राहिले.

"ट्रॉफी आपली समजा," ते म्हणाले. "अख्खी बोट रिकामी करून पाठवणारा माणूस आहे मी. एक खाट फिरवायला काय लागतं?"

"सर, पण खाट आहे कुठं?" अध्यक्ष उन्नतीताईंनी विचारलं. उन्नतीताईंचे कोचिंग क्लासेस आहेत. गुण हा शब्द कानावर पडला की त्यांची पाठ आपोआप ताठ होते.

खाट पंढरीकडे होती. आणि हलायची चिन्हं नव्हती.

पंढरी घरत जुन्या गावठाणातला. मिठागरात वाढलेला, जमिनी गेल्यावर चाळ बांधून घरमालक झालेला. मुलीच्या सासरी, मोरा बंदरावर, गेला होता. तिथल्या धक्क्यावर शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरात पैशाची अडचण नव्हती. मुलगा दिपेश पहिल्याच दिवशी नवी खाट विकत आणायला निघाला होता. पंढरीनं त्याला दारातून परत बोलावलं.

"इकत आनलेली खाट घरची होते," तो म्हणाला. "घरच्या खाटंवर मानूस पडून ऱ्हातो. मांगून आनलेली परत देयाची असते. म्हंजे मना उठायलाच पायजे."

म्हणून क्लबची खाट. उशाशी लिहिलेलं ते 'कै.' बघून त्याच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून पाटीवर घट्ट बांधली. आणि बोलल्याप्रमाणे पंढरी उठायलाही लागला. खाट उंच, त्यामुळे पाय खाली सोडता यायचे. वॉकर धरायचा, मोऱ्याच्या धक्क्याला एक शिवी हासडायची आणि उभं राहायचं. आधी नुसतं उभं. मग खिडकीपर्यंत. मग दाराच्या चौकटीपर्यंत. चौकट ओलांडून ओट्यावर जायचं आणि तिथं उभं राहून खाट स्वतःच्या देखरेखीखाली टेम्पोत चढवून द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, जाल.

धीर गुणतक्त्यात बसत नव्हता. दिनानाथ दर सोमवारी फोन करायला लागले.

"वहिनी, कसे आहेत? काही फरक?"

"हाय ना. काल दारापावत गेलं."

"म्हणजे आता खाटेशिवाय भागेल?"

"अजून नाय रं बाला. पन तू काळजी करू नको."

फोन ठेवताना दिनानाथांचा आवाज इतका पडायचा की सरस्वतीबाईच त्यांची समजूत काढायच्या. त्यांना हा सगळा आपलेपणा वाटला. वाटणारच. नवी मुंबईत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा दिनानाथ याच घरत चाळीत भाडेकरू होते. एकट्या पोराला कालवणाचा वाडगा याच घरातून जायचा. "सख्खा भाव फोन करत नाय, पन आमचा दिना सोमवार चुकवत नाय," असं सरस्वतीबाईंनी गावभर सांगितलं. आता दिनानाथांना खाट मागताही येईना आणि फोन बंद करताही येईना.

अशात तुमचा निरोप आला, साहेब. रविवारी पाहणी.

"सर, आपल्या खाटेचा लाभार्थी एकच आहे," उन्नतीताई म्हणाल्या. "अख्ख्या वर्षात एक. बोर्डाला बसलेल्या पोरानं पेपरवर नुसतं नाव लिहून यावं तसं झालं हे."

"मला शनिवार द्या," दिनानाथ म्हणाले. "सकाळी सर्व्हिसिंगला म्हणून खाट काढतो. तीन गरजू घरी नेतो. पेशंट झोपवायचा, फोटो काढायचा, पेशंट उठवायचा, पुढचं घर. संध्याकाळी खाट पंढरीकडे परत. यार्डात याला टर्नअराउंड म्हणतात."

"आणि झोपलेला पेशंट उठायला तयार नसला तर?"

"ताई, क्रेन लावताना कंटेनरला विचारतात का?"

शनिवारी सकाळी टेम्पो गावठाणात शिरला. पंढरीला जमिनीवर गादी घालून दिली.

"सर्व्हिसिंग? खाटंची?" पंढरीनं विचारलं.

"हँडल करकरतं ना, तेल घालून आणतो."

"करकर ऱ्हाऊ दे. मी उठलो का नाय ते हिला चुलीपाशी कलतं त्यानी."

सकाळच्या गोळीनं त्याला गुंगी यायची. माशा नकोत म्हणून त्यानं चादर डोक्यावरून घेतली आणि झोपला. नवरा झोपलाय तोवर मासळी घेऊन यावी म्हणून सरस्वतीबाई मागच्या दारानं बाजाराला गेल्या. पुढच्या दारानं खाट निघाली, वर तिची गादी उपडी टाकलेली.

आता गावठाणात शेंबड्या पोरालाही जे कळतं ते यार्डात शिकवत नाहीत. माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाट बाहेर, गादी उपडी आणि माणूस जमिनीवर डोक्यावरून चादर घेऊन निपचित, याचा अर्थ गावात कुणी कुणाला विचारत बसत नाही.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत दारातून डोकावलेल्या शेजारणीचा पहिला हंबरडा फुटला. बघता बघता ओटा भरला. बायका आत, पुरुष बाहेर. कुणी बांबू बघायला गेलं, कुणी दिपेशला फोन लावला, कुणी क्लबातल्या ओळखीच्याला. इकडे हंबरड्यानं पंढरीची गुंगी उतरली होती. पण चादरीबाहेर त्याचं इतकं कौतुक चाललं होतं की त्याला डोळे उघडवेनात. एवढं चांगलं त्याच्याबद्दल त्याच्या लग्नातसुद्धा कुणी बोललं नव्हतं. तो गप ऐकत पडला.

शेवटी चुलतभाऊ सिताराम पायाशी येऊन बसला. "लाखात एक मानूस गेला," तो नाक ओढत म्हणाला. "फक्त नारलाचं झाड त्यानी माज्या हद्दीतलं घेतलं."

"झाड माज्या हद्दीत हाय," चादर म्हणाली.

सिताराम बसल्या जागेवरून जो मागे सरकला तो थेट तांदळाच्या पिंपाला जाऊन धडकला. दोन बायका ओट्यावरून उड्या टाकून गेल्या. बांबू आणायला गेलेला दारात बांबू घेऊन उभा, पंढरी त्याच्याकडे बघून म्हणाला, "आनलास तसा मांडवाला लाव."

इथवर हसा, साहेब. आम्हीही हसलो. पण ओट्यावरून गेलेला फोन तोवर पोचला होता. उन्नतीताईंनी क्लबच्या ग्रुपवर टाकलं, 'पंढरीशेठ घरत यांना भावपूर्ण श्रद्धांजली. अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या क्लबची खाट त्यांच्या सेवेत होती.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं सवयीनं केकही टाकला.

दिनानाथांचा मोबाईल खिशातच राहिला. ते खाट उतरवण्यात आणि चढवण्यात गुंतले होते. दोन घरं झाली. तिसरं घर मालतीबाईंचं. अर्धांगवायू, आणि सोबतीला एकटी मुलगी, अबोली. फोटोपुरत्या उन्नतीताई तिथं येऊन गेल्या. टेम्पो कुठं लावायचा यावरून सोसायटीच्या वॉचमनशी भांडून दिनानाथ वर आले तर दारातच अबोलीनं ओठांवर बोट ठेवलं.

"काका, हळू. आई झोपलीय. कधीपासून अशी सरळ झोपलीच नव्हती."

"बरं झालं. पण आता खाट..."

"उन्नतीताईंनी सांगितलं. आधीचे आजोबा गेले ना, म्हणून आता ही आमच्याकडेच ठेवायची. त्यांच्या घरच्यांना सांगा काका, आम्ही विसरणार नाही."

"कोण गेले?"

"तेच. घरत आजोबा."

दिनानाथ जिने उतरले की पडत खाली आले, त्यांना आठवत नाही. आपण माणसाला खाटेवरून काढलं आणि माणूस गेला, एवढंच डोक्यात. गावठाणात पोचले तेव्हा ओट्यावर चहा चालला होता आणि आत पंढरी भिंतीला टेकून सितारामशी झाडाची हद्द मोजत होता. दिनानाथ उंबऱ्यातच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

"तू पन आयलास का रडाला?" पंढरी म्हणाला. "लेट झाला तुला. खाट झाली का नीट?"

त्या क्षणी खरं बोलायचं होतं. पण खरं बोललं की उठून मालतीबाईंना खाली उतरवायला जायला हवं होतं, अबोलीच्या डोळ्यांदेखत.

"पार्ट मिळत नाही," दिनानाथ म्हणाले. "उद्या."

त्या 'उद्या'चे बरेच दिवस झाले. दिनानाथ दोनदा अबोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा तिनं हातावर लाडू ठेवला, एकदा यांनी बेल वाजवली आणि तिची चाहूल लागताच जिन्याखाली लपले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. क्लबात त्यांनी कबुली दिली, तर उन्नतीताईंनी कपाळाला हात लावला. "सर, आता कुणाला उठवायचं? तुम्हीच सांगा."

इकडे पंढरी जमिनीवर. जमिनीवरून वॉकर धरता येत नाही. दोघांनी काखेत धरून उचलायला सुरुवात केली की खुब्यातून कळ निघायची. आधी तो शिव्या द्यायचा. मग "ऱ्हाऊ दे" म्हणायला लागला. चौकट राहिली लांब, त्याच्या पाठीनं गादी धरली.

रविवारची पाहणी तुम्ही केलीत, साहेब. मालतीबाईंच्या उशाशी उभे राहून फोटोही काढलात. तो फोटो फिरत फिरत दिपेशच्या मोबाईलवर आला, आणि सरस्वतीबाईंनी त्यात तुमच्या कोटाशेजारी आपल्या हिरव्या लुगड्याची पट्टी ओळखली.

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिनानाथ अजून म्हणतात. त्यांनी दिनानाथांना बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"मांगितली असतीस तर दिली असती रं," त्या म्हणाल्या. "त्या बाईलाच दिली असती. तुजी पयली नोकरी सुटली व्हती तवा ह्यानी तुला कवा खोली खाली कर बोललं व्हतं?"

दिनानाथांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिपेशनं नवी खाट आणली. रिमोटची. बटण दाबलं की आवाज न करता डोकं वर, पाय वर. कंपनीचा माणूस पंढरीला सगळी बटणं दाखवून गेला. पंढरीनं एकही दाबून बघितलं नाही.

"बाबा, आता उंच झाली परत," दिपेश म्हणाला. "वॉकर देऊ? उठून बघता?"

"कनाला उठू?" पंढरी म्हणाला. "ही काय कुनाला परत देयाची हाय?"

आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

ट्रॉफी आम्हाला मिळाली. शेजारच्या क्लबचे लोक जळले. कार्यक्रम संपल्यावर दिनानाथांनी तुम्हाला गाठून हे सगळं सांगितलं, जेवणाची ताटं लागलेली होती तेव्हा. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "अहो, त्यांना नवीन खाट मिळाली, त्या बाईंना जुनी मिळाली. चांगलंच झालं की." आणि तुम्ही गुलाबजामकडे वळलात.

दिनानाथ आता रोज गावठाणात जातात. पंढरीच्या पायाशी बसतात, नारळाच्या झाडावरून भांडण उकरून बघतात, मोऱ्याच्या धक्क्याला त्याच्या वतीनं शिवी घालून बघतात. पंढरी ऐकतो आणि म्हणतो, "घरी जा दिना, उशीर झाला."

चांगलंच झालं, असं तुम्ही म्हणालात ना, साहेब? मग ते त्याच्या उशाशी उभं राहून म्हणा. फोटोवाला आणू नका. त्या माणसाला हात धरून सांगा, ऊठ. आम्ही सांगून थकलो, आमच्या तोंडून त्याला ते खरं वाटत नाही. येता की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळवा. आणि उत्तर सचिवाच्या सहीचं नको, तुमचं पाहिजे.