तारकाधूलि विभागाचा आरसा पुसू नये

प्रत्येक ताऱ्याभोवती धूळ असते आणि प्रत्येक धुळीभोवती समिती असते. पैकी धूळ कधी ना कधी खाली बसते. (समितीबाबत निरीक्षणे चालू आहेत.)

आमचा तारकाधूलि विभाग म्हणजे या शास्त्राचे भूषण. मी तिथला हेडक्लार्क, म्हणजे विज्ञानाचा निम्मा भार माझ्याच डोक्यावर. काम तसे सोपे. तारा अवरक्त प्रकाश सोडतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी ऊब. वाटेतली धूळ त्यातला थोडा गिळते. कुठला आणि किती गिळला, त्यावरून धूळ कशाची असेल ते संगणकावर ताडायचे. पूर्वी धुळीचा कण गोल, गुळगुळीत धरत. आता तो संयुक्त धरतात: थोडी वाळू, थोडी काजळी आणि मधे मधे पोकळी. पोकळी हा फार गुणी घटक आहे. आलेख जुळेना की वाढवावी, कोणी पुरावा मागत नाही.

हे मॉडेल माझी भाची करत होती. महिनाअखेर प्रबंध मंजूर झाला नाही तर तिने भाऊजींच्या गादी कारखान्यात बसायचे, असे घरी ठरले होते. पोरीला कापसाने शिंका येतात हो! माझा जीव नुसता तुटत होता.

आलेख मात्र एका जागी अडून बसला. "थोडी पोकळी वाढव गं," विभागप्रमुख सर म्हणाले. वाढवली. जुळेना. शेवटी वैतागून तिने सुचेल ते घातले, आणि आलेख असा काही जुळला की सरांचे डोळे भरून आले. कणाची मान्यताप्राप्त घडण पुढीलप्रमाणे: वाळू ४८ टक्के, काजळी १९, पोकळी २७, तपकिरी लोकर ४, बिस्किटाचा चुरा २.

दुसरा तारा पाहिला, तीच धूळ. तिसरा पाहिला, तीच. सरांनी हा विश्वाचा नियमच असल्याचे जाहीर केले. भाची गुपचूप दुर्बिणीपाशी गेली, आत डोकावली आणि सटकन शिंकली. शिंक ऐकून सर धावत आले.

"सर, धूळ आपल्या दुर्बिणीच्या आरशावर आहे."

"आणखी कोणी पाहिलंय?"

"नाही."

"मग कशाला बोंबलतेस?" सरांनी तपकिरी स्वेटरवरचा चुरा झटकला. (आरशावर.)

तातडीने समिती बसली. आरसा पुसला तर विभागाचे आजवरचे सगळे शोध फडक्यात जाणार! सबब, पुसणाऱ्यावर कडक कारवाईचा ठराव झाला. तेवढ्यात भाची उठली. "मी याच धुळीवर प्रबंध लिहिते. ताऱ्यापाशी जाऊन खात्री करता येत नाही, इथे चिमटीत धरून करता येते."

चिमटीत धरली. लोकर निघाली, चुराही निघाला. विभागाच्या इतिहासात प्रथमच मॉडेल खरे ठरले. समिती इतकी घाबरली की तिने पदवीला अट घातली: हेच मॉडेल आणखी एका उबदार वस्तूवर तपासावे. वस्तू बराच वेळ हलता कामा नये, आणि आपली तपासणी चालली आहे हे तिला कळता कामा नये.

अशी वस्तू आणायची कुठून? पण मामा कशासाठी असतो! मी हा लेख लिहायला घेतला.

वाचकहो, शेवटपर्यंत स्थिर राहिल्याबद्दल मनापासून आभार. मोजणी झाली, पोरीला पदवी मिळाली. पोकळी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली, पण आलेख जुळला.